विमान न आलेली कहाणी

ऋषिपंचमीची कहाणी लहानपणी ज्यांनी ऐकली, त्यांना ती बहुधा उपासासोबत आठवते. पाटावर मांडलेल्या सुपाऱ्या, कहाणी वाचणारी एखादी काकू, आणि नंतर ताटात पडणारी ऋषीची भाजी. माझ्या मनात मात्र ती गोठ्यातली गोष्ट आहे, आणि ती मला दिली आमच्या सालदार मामांनी. मामांकडून आमच्या घरानं पुष्कळ घेतलं. पेरण्या, डवरण्या, हिवाळ्यातली रात्रीची जागल. त्याचा हिशेब दर गुढीपाडव्याला साल संपताना ज्वारीत आणि रुपयांत व्हायचा. या गोष्टीचा हिशेब कुठल्याच पाडव्याला झाला नाही. तो निदान कागदावर तरी मांडावा, म्हणून हे लिहितो आहे.

आमचं गाव कारंज्याच्या बाजूचं. तेव्हा हा सगळा मुलूख अकोला जिल्ह्यात होता. वाशिम जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. आज तिकडे शिवारभर सोयाबीन दिसतं, तेव्हा कपाशी, ज्वारी आणि तूर. ट्रॅक्टर क्वचित. शेतकऱ्याची पत दावणीवरून ठरायची. वऱ्हाडच्या जुन्या गॅझेटिअरमध्ये इथल्या बैलांच्या दोन मुख्य जाती दिल्या आहेत : मोठी खामगावी आणि लहान उमरडा. आमची जोडी लहान चणीची, उमरडा वळणाची. चांद्या आणि कबऱ्या. चांद्याच्या कपाळावर पांढरा ठिपका होता. कबऱ्याच्या अंगावर राखाडी शिंतोडे होते, आणि तो मामांशिवाय दुसऱ्या कुणाच्या हाकेला कान हलवत नसे.

त्या वर्षी पोळा झाला आणि दुसऱ्याच दिवशी चांद्यानं चारा सोडला. संध्याकाळपर्यंत गळ्याखाली सूज आली. श्वास घेताना घशातून घरघर ऐकू यायची, जीभ बाहेर. घटसर्प. पावसाळ्यातला हा रोग जनावराला एका दिवसात नेतो, आणि टोचलं नसेल तर नंतर फारसं काही करता येत नाही. पहाटे चांद्या गेला. शिंगांचा रंग ताजा होता, एका शिंगावर बेगड अजून चिकटलेली. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मामांनी त्याचे खांदे तुपाहळदीनं मळून त्याला रीतीप्रमाणे दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन दिलं होतं, आणि त्याच खांद्यांवर आता माशा बसत होत्या. त्याला शेताच्या धुऱ्याशी पुरलं. मोठ्या माणसांनी मला तिथं येऊ दिलं नाही. मी तुरीच्या ओळींतून पाहिलं.

पण मला धक्का बसला तो कबऱ्याकडे पाहून. तो जन्मभर जुवाच्या डाव्या अंगाला चाललेला. मामांनी त्याला एकट्याला पाण्यावर नेलं, तर तो गाडरस्त्याच्या डाव्या कडेनंच चालला, उजवीकडे एका बैलाची जागा सोडून. रस्ता पूर्ण मोकळा होता, तरी. परत आल्यावर गव्हाणीपाशी उभा राहिला आणि मान वळवून शेजारच्या रिकाम्या खुट्याकडे पाहत राहिला. पुढ्यात कुटार टाकलं, वर ढेप चुरून टाकली. त्यानं वास घेतला आणि तोंड फिरवलं. मीही घरात तेच केलं. माझं वय तेव्हा दहाच्या आतलं. घरात सगळ्यांना बैल गेल्याचं दुःख होतं, पण ते दुःख पैशाचं, हंगामाचं, डवरणी अडल्याचं होतं, आणि ते खरंही होतं. कबऱ्या एकटा पडला हे बोलून दाखवण्यासारखं कुणाला वाटलं नसावं.

पंचमीला आत्यानं कहाणी वाचली. आजीला अक्षरओळख नव्हती, म्हणून वाचणं आत्याकडे. ज्यांना कहाणी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एका ब्राह्मणाच्या बायकोनं विटाळ पाळला नाही, त्या पापानं पुढच्या जन्मी नवरा बैल झाला आणि ती कुत्री. दोघंही आले ते आपल्याच मुलाच्या घरी, आणि मुलाला ते ठाऊक नाही. एके दिवशी बापाचं श्राद्ध. खिरीच्या भांड्यात सापानं गरळ टाकलं, ते कुत्रीनं पाहिलं. जेवणारे मरतील, मुलाच्या माथी ब्रह्महत्या येईल, म्हणून तिनं भांड्यात तोंड घातलं. सुनेनं जळतं लाकूड घेतलं आणि तिच्या कमरेत मारलं. दिवसभर तिला उष्टंसुद्धा मिळालं नाही. रात्री ती बैलाकडे गेली आणि रडू लागली. बैलालाही दिवसभर तोंड बांधून औताला जुंपलेलं, मारलेलं, उपाशी. दोघांचं बोलणं मुलानं ऐकलं. त्यानं दोघांना खाऊपिऊ घातलं, सकाळी उठून रानात ऋषींना उपाय विचारला, व्रत केलं, आणि आईबाप विमानात बसून स्वर्गाला गेले. या दिवशी बैलाच्या कष्टाचं खात नाहीत, परसात हातानं खणून लावलेलंच खातात, ही रीतही या बैलाशी जुळते.

विटाळाचा भाग मला तेव्हा कळला नाही, आणि आज कळतो तो पटत नाही. बाईच्या शरीराच्या साध्या धर्माला पाप ठरवून तिला कुत्रीचा जन्म देणारी ही चौकट आहे, आणि ती चौकट जपायला म्हणून मी कुणाही मुलीला ही कहाणी सांगणार नाही. पण चौकटीच्या आत जी रात्र आहे, तिच्यासारखं दुसरं काही मी मराठीत लहान मुलांसाठी वाचलेलं नाही. मेलेली माणसं आपल्याच घराच्या अंगणात आहेत, आणि घरात त्यांना कुणी ओळखत नाही. बोलायला आहे ते फक्त एकमेकांना.

आत्यानं कहाणी भराभर वाचून संपवली. तिलाही भूक लागली असेल. माझ्या डोक्यात मात्र बैल अडकून राहिला. रात्री मी गोठ्यात गेलो. मामा कंदील खाली ठेवून बसले होते, कबऱ्याच्या पुढ्यात कुटार तसंच.

"बापू, तू जेवला काहून नाई?"

"कबऱ्याही नाही जेवला."

मामांनी समजूत घातली नाही. चांद्या देवाघरी गेला वगैरे तर मुळीच म्हणाले नाहीत. मला पोत्यावर बसवलं आणि तीच कहाणी सांगायला घेतली. त्यांच्या सांगण्यात विटाळ नव्हता, ब्राह्मण नव्हता. एक शेतकरी बुढा-बुढी होते, मेले, अन् पोराच्या घरी ढोरं होऊन आले, एवढंच. साप, खीर, जळतं लाकूड हेही त्यांनी चटकन उरकलं. पण कुत्री रात्री गोठ्यात आली आणि मामा सावकाश झाले. ती बैलाच्या पायाशी कशी बसली, बैलानं आधी तिला हुंगलं, मग विचारलं. तिची कंबर दुखत होती, म्हणून तिला एका अंगावरच बसता येत होतं. बैलाला जीभ फिरवून तिची जखम चाटायची होती, पण दावं पुरत नव्हतं. म्हणून तीच जवळ सरकली. मग बैल म्हणाला, "आज माह्यंच सराध हाय, अन् माह्याच तोंडाले मुसकं."

हे वाक्य आत्याच्या पुस्तकात नव्हतं. मी मामांकडे पाहिलं, ते कबऱ्याकडे पाहत होते.

मग पोरगा उठला, मामा म्हणाले. त्यानं पहिले मुसकं सोडलं. कुत्रीले भाकर कुस्करून देली दुधात. अन् मंग तो घरात गेलाच नाई. तिथंच गोठ्यात बसला, दोघायच्या मधात. बैलानं खाल्लं तं त्याले बरं वाटलं.

"मग?"

"मंग काय. त्याच्या हातानं खाल्लं बैलानं."

एवढं बोलून मामांनी ढेपेचा एक खडा माझ्या हातात ठेवला. मी तो कबऱ्यापुढे धरला. बऱ्याच वेळानं त्याची खरखरीत जीभ तळहाताला लागली. तो पोटभर जेवला असं नाही, पण तेवढा खडा त्यानं घेतला. नंतर मामांनी माझ्यासाठी फडक्यात बांधून ठेवलेली भाकर काढली.

पुढे शिक्षक झाल्यावर मी मुलांच्या गोष्टी मुद्दाम शोधून वाचू लागलो. त्यात ई. बी. व्हाइट या अमेरिकन लेखकाचं १९५२ चं 'शार्लट्स वेब' हाती आलं. तिथंही गोठाच आहे. विल्बर नावाचं डुकराचं पिल्लू पावसाळी दिवशी एकटं पडतं, कुणी त्याच्याशी खेळत नाही, आणि अंधारातून एक कोळीण त्याला म्हणते की मी तुझी मैत्रीण होईन. हिवाळ्यात त्याला कापणार आहेत. ती आपल्या जाळ्यात अक्षरं विणून त्याला वाचवते, आणि स्वतः मात्र जत्रेच्या ओसाड मैदानात एकटी मरते. मागे राहतात तिची पाचशे चौदा अंडी, आणि त्यांतून निघून गोठ्यातच राहिलेल्या तीन लेकी. व्हाइट स्वतः शेतावर राहत. त्यांनी पाळलेलं एक डुक्कर आजारानं गेलं, त्यांनी रात्रीचा दिवस करूनही. त्यावर त्यांनी १९४८ साली एक लेख लिहिला. चार वर्षांनी गोष्टीत त्यांनी डुकराला जगवलं. पण मरण गोष्टीतून काढून टाकलं नाही. ते कोळिणीच्या वाट्याला दिलं आणि मुलांना तिच्यासाठी रडू दिलं. या पुस्तकाचं ध्वनिमुद्रण व्हाइट यांनी स्वतः केलं. कोळिणीच्या मरणाच्या ओळीपाशी त्यांचा आवाज फुटायचा, म्हणून ती पुन्हा पुन्हा वाचावी लागली असं सांगतात.

हे वाचून मला मामांनी त्या रात्री काय केलं होतं त्याचा अंदाज आला. पूर्ण उलगडा व्हायला मात्र त्यांचं तेरावं यावं लागलं. मी गावी गेलो. त्यांच्या मुलाजवळ बसलो असताना ही गोष्ट निघाली. मी म्हटलं, मामांच्या कहाणीत स्वर्ग नव्हता, विमान नव्हतं, ते मला फार आवडायचं.

तो हसला. "इमान नव्हतं? आमाले तं दर सालाले इमान यायचं, बापू. घंट्या लागलेलं. बाबा तोंडानं घंट्या वाजवून दाखवत. माही बहीण तं घंट्यासाठीच गोष्ट आयके."

म्हणजे विमान मामांना पाठ होतं, आणि ते त्यांना आवडतही होतं. त्या एका रात्रीपुरतं त्यांनी ते काढलं. चांद्याला विमानात बसवून पाठवलं असतं, तर मी आभाळाकडे बघत बसलो असतो, आणि गोठ्यात कबऱ्या तसाच उपाशी उभा राहिला असता. मामांना मी कबऱ्याकडे वळायला हवा होतो. त्यांनाही त्याच्याजवळ बसायला कुणीतरी हवं असेल. त्यांचीही जोडी गेली होती, आणि घरात ते त्यांना कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. शाळेची पायरी न चढलेल्या माणसानं एका मुलासमोर बसून कहाणीचा शेवट बदलला, आणि तो बदल आपला आहे हे कुणाला सांगितलंही नाही. मुलांपुढे गोष्ट कशी ठेवावी हे मी पुढे पुस्तकांतून, प्रशिक्षणांतून शिकलो, पण त्याची मुळाक्षरं त्या पोत्यावर गिरवली होती.

आता मी ही कहाणी सांगतो ती विटाळाशिवाय. विमान आणायचं की नाही, ते समोर कोण बसलंय ते पाहून ठरवतो. शेजारच्या मुलीची शेळी मेली आणि मागे तिचं पाठरू राहिलं, तेव्हा विमान आणलं नाही. तिनं बैलाबद्दल काही विचारलं नाही. "कुत्रीनं मग जेवलं का?" एवढंच विचारलं. दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकर, मी सांगितलं, आणि भांडं चाटून साफ केलं. तिला पाठराला बाटलीनं दूध पाजता येत नव्हतं. ते तिला माझ्या बायकोनं शिकवलं.