बारा चाके

यंदाच्या प्रदर्शनासाठी आमच्या हॉबी क्लबने बसंतरच्या लढाईचा देखावा करायचे ठरवले. 16 डिसेंबर 1971 रोजी पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्या सेंच्युरियन रणगाड्यातून लढले, त्याचे नाव ‘फामागुस्ता’. तेव्हा त्यांचे वय 21, म्हणजे माझ्याहून फक्त सहा वर्षांनी जास्त. तो रणगाडा 1:72 प्रमाणात करायचे काम माझ्याकडे आले. मदतीला सातवीतला एक ज्युनिअर होता. तो कोल्हापूरचा, मी साताऱ्याचा. इतक्या लांबच्या शाळेत मराठी बोलायला कोणी मिळाले, याचाच आम्हाला आनंद होता.

मॉडेल म्हणजे रंगकाम, असे मला वाटायचे. खरे काम त्याआधीचे असते. सगळे भाग प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात. कटरने तोडले की तिथे बारीक टोक उरते. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात, तिथे केसाएवढी रेघ उठते. ती पात्याने हलकेच खरवडायची, मग 400 आणि 600 नंबरचा पॉलिश पेपर ओला करून घासायचा. शेवटी सगळे भाग साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचे, कारण साच्यातले तेल अंगावर राहिले तर रंग धरत नाही. वाळले की प्रायमर, आणि त्यानंतर रंग.

सेंच्युरियनला एका बाजूला सहा, म्हणजे एकूण बारा चाके. प्रेपनंतर आम्हाला पाऊण तास मिळायचा. दोन संध्याकाळी झाल्या तरी ज्युनिअरची सहाच चाके झाली होती.

“सर, अजून सहा राहिलीत. आणि धुवायचंय पण.”

“अरे, चाकं चिखलात रुतलेली दाखवायचीत. कोण बघणार? दे इकडे!”

मी न धुता, प्रायमर न लावता, सरळ हिरवा रंग मारला.

दोन दिवसांनी खुणा रंगवण्यासाठी लावलेली टेप काढली, तर टेपबरोबर रंगाचे पापुद्रे निघाले. तोफेच्या नळीवरची रेघ तर रंगाखालून जास्तच उठून दिसत होती. इन्चार्ज सरांनी विचारले, “तयारी कोणी केली?”

मी म्हणालो, “सर, साफसफाई ज्युनिअरकडे होती.”

ज्युनिअर सावधानमध्ये उभा होता. तो एक शब्द बोलला नाही.

लाइट्स आउट झाल्यावर मी स्वतःला समजावत होतो, की मी खोटे कुठे बोललो? पण झोप येईना. खेत्रपालांच्या रणगाड्याने पेट घेतला होता, बाहेर पडण्याचा आदेशही मिळाला होता. तोफ अजून चालते म्हणून ते आतच राहिले. मी मात्र प्लास्टिकच्या रणगाड्यातून उडी मारून पळालो होतो, आणि तेही ज्युनिअरला आत ठेवून.

सकाळी पीटीनंतर सरांना सगळे सांगितले. सरांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिले. “चार दिवस आहेत. रंग उतरव,” एवढेच म्हणाले. मग ज्युनिअरला गाठून सॉरी म्हणालो. तो म्हणाला, “सर, सहा चाकं तुमची.”

स्पिरिट आणि जुना टूथब्रश घेऊन आम्ही रंग काढला. माझ्या प्रत्येक चाकावरून ज्युनिअर नख फिरवून बघायचा. “नखाला लागतंय, सर.” मी पुन्हा घासायचो. करड्या प्रायमरखाली नळीवर अजून एक रेघ दिसली. ती घासून पुन्हा प्रायमर दिला. या वेळी टेप काढली तेव्हा रंग जागचा हलला नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी फामागुस्ता अर्धी चाके चिखलात रुतवून उभा होता. पालक आले, वाकून बघून गेले. चाकांकडे कोणाचेच लक्ष गेले नाही. पण बाराही चाकांवर रेघ नाही, हे ज्युनिअरला आणि मला माहीत आहे.