साडेसोळा इंचांची पाठ

मागच्या संक्रांतीला मंडळाच्या हळदीकुंकवात एका मैत्रिणीनं मला बाजूला घेतलं. "तुझी ती मोठी सॅक आठ-दहा दिवस देशील का गं? मुलगा फेब्रुवारीत बर्फातल्या ट्रेकला निघालाय. एकदाच जायचं, त्यासाठी नवीन कशाला घ्यायची?"

मी म्हटलं, "देईन की. पण आधी त्याला घरी पाठव. त्याची पाठ मोजायचीय."

तिला वाटलं, मी थट्टा करतेय. थट्टा नव्हती. त्या मोजमापामागे माझी चार वर्षांची एक गोष्ट आहे. हल्ली आपल्या मंडळातली बरीच मुलं, आणि काही आईबाबासुद्धा, हिवाळ्यात हिमालयात जायला लागलेत, म्हणून ती इथे सांगते.

गोष्ट जानेवारी २०१९ ची. मी तेव्हा ४६ वर्षांची होते आणि डोंगर म्हणजे इंदूरजवळचं राळामंडळ नाहीतर पावसाळ्यातलं जानापाव, एवढीच माझी मजल. भाची २२ वर्षांची. नुकतीच पुण्याला नोकरीला लागलेली आणि दर रविवारी सह्याद्रीतला एखादा किल्ला पालथा घालणारी. तिचा एक छोटा गट उत्तराखंडात केदारकांठ्याला चालला होता. "आत्या, चल ना. बर्फ बघितलायस का कधी?" एवढ्या एका वाक्यावर मी हो म्हटलं.

केदारकांठा म्हणजे उत्तरकाशी जिल्ह्यातलं सुमारे १२,५०० फुटांचं शिखर. हिवाळ्यातसुद्धा ज्याच्या माथ्यावर जाता येतं अशा थोड्या शिखरांपैकी एक, म्हणून जानेवारीत तिथे गर्दी असते. डेहराडूनहून मसुरी, पुरोला, मोरी करत दिवसभराचा गाडीप्रवास. नैटवाडला रूपिन आणि सुपिन या दोन नद्या एकत्र येऊन टोन्स होते. तिथून पुढे सांकरी हे शेवटचं मोठं गाव. सांकरी सुमारे ६,४०० फुटांवर; तिथून चालायला सुरुवात. तंबू आणि शिधा गावातले पोर्टर नेणार होते. ज्याची त्याची सॅक मात्र ज्याच्या त्याच्या पाठीवर, हा गटाचा नियम.

माझ्याकडे सॅक नव्हती. नणंदेच्या यजमानांची एक होती, चांगली ८० लिटरची. ते सहा फुटी गृहस्थ, तरुणपणी बरंच फिरलेले. त्यांनी हौसेनं दिली. मी म्हटलं, चला, मोठी आहे, सगळं मावेल.

आणि सगळं मावलं, हीच चूक झाली. सॅकेत जागा दिसली की आपला हात थांबत नाही. तीन स्वेटर, दोन शाली, जास्तीचे बूट, सासूबाईंनी दिलेला मेथीच्या लाडवांचा डबा आणि इंदूरची शेव तर हवीच! निघताना स्टेशनवर हमालानं सॅक उचलली आणि माझ्याकडे एकदा बघितलं. पुढे डेहराडूनला वजन केलं तेव्हा काटा १७ किलोवर गेला. माझं स्वतःचं वजन ६०.

पहिल्या दिवशी सांकरीहून जुडा का तालाबपर्यंत देवदार आणि बांजाच्या जंगलातून चढ आहे. दोन तासांत माझे खांदे भरून आले. चौथ्या तासाला हाताच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. थंडीमुळे असेल असं मला वाटलं. कुणाला बोलले नाही. गटात सगळ्यांत मोठी मी, रडगाणं कोण गाणार?

दुसऱ्या दिवशी बेस कॅम्पचा चढ पूर्ण बर्फातला. तिथे सॅक मला मागे ओढायची. पाऊल टाकलं की ओझं आधी डावीकडे झुकायचं, मग उजवीकडे. एका आडव्या वाटेवर असंच ओझं झुकलं आणि मी त्याच्याबरोबर खाली. आठ-दहा फूट घसरले, एका झाडाला अडकले. लागलं काही नाही. पण उठून उभी राहिले तेव्हा पाय थरथरत होते आणि हातात काठी धरवत नव्हती. माझी सॅक एका पोर्टरनं घेतली. त्याच्या पाठीवर त्याचं ओझं होतंच, त्यावर माझे लाडू आणि शाली. वयानं तो माझ्या भाचीएवढाच असेल.

संध्याकाळी गटाच्या प्रमुखानं शांतपणे सांगितलं, "ताई, उद्या तुम्ही वर यायचं नाही." शिखरासाठी पहाटे अडीचला निघायचं होतं. मला तंबूत एकटीला ठेवणं बरोबर नव्हतं. भाची म्हणाली, "मी थांबते आत्याजवळ."

मी पुष्कळ सांगून पाहिलं. ती ऐकली नाही. पहाटे बाकीच्यांच्या डोक्यावरचे दिवे एका ओळीत वर जाताना आम्ही दोघींनी तंबूच्या दारातून पाहिले. ती काही बोलली नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

कारण मला कळलं ते त्याच सकाळी. आमचा स्वयंपाकी सांकरीचाच, पन्नाशीचा माणूस. चहा घेऊन आला आणि माझी सॅक उचलून बघत म्हणाला, "दीदी, ये बैग आपकी नहीं है."

मी म्हटलं, "हो, मागून आणलीय."

"वो नहीं," तो म्हणाला. त्यानं मला उभं केलं, सॅक पाठीवर चढवली आणि कमरेचा पट्टा ओढून दाखवला. पट्टा कमरेवर नव्हताच, चांगला चार बोटं खाली, मांड्यांच्या वर लोंबत होता. दोन दिवस १७ किलो मी नुसत्या खांद्यांवर वाहिले होते. मुंग्या थंडीच्या नव्हत्या, पट्ट्यांनी दबलेल्या खांद्यांच्या होत्या. बोटांचं ते बधिरपण इंदूरला परतल्यावरही तीन आठवडे गेलं नाही.

मधली दोन वर्षं करोनात गेली. २०२२ च्या दिवाळीत भाची घरी आली तेव्हा मीच म्हटलं, "जानेवारीत परत जायचं का?" ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "जाऊ. पण सॅक मी निवडणार."

तिनं आधी सॅक निवडली नाही. आधी सामान निवडलं. दिवाणखान्यात सतरंजी घालून नेणार ते सगळं मांडलं आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक वस्तू तोलली. थंडीची स्लीपिंग बॅग १.७ किलो, मॅट अर्धा किलो, फेदर जॅकेटसकट कपडे ३ किलो, पावसाचा वरचा-खालचा कोट ७०० ग्रॅम, बुटांवरचे गेटर आणि बर्फात रुतणारे मायक्रोस्पाइक्स मिळून ९०० ग्रॅम, बाटल्यांसकट दोन लिटर पाणी २.३ किलो, ताट-मग, औषधं, दिवा वगैरे ९०० ग्रॅम. झाले दहा किलो. रिकाम्या सॅकचे दोन धरून बारा. पाठीवरचं ओझं आपल्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाच्या वर जाऊ नये, असा जाणकारांचा अंदाज असतो. माझा पाचवा हिस्सा नेमका बारा. शालींना जागा नव्हती. लाडू मिळाले चार.

मग ते सगळं एका मोठ्या पिशवीत भरून पाहिलं. हिवाळ्याच्या सामानाला वजनापेक्षा जागा जास्त लागते. एकटी स्लीपिंग बॅगच सॅकचा तळ भरून टाकते. उन्हाळ्यात ५० लिटर पुरतात तिथे बर्फात ६० ते ७० लागतात. स्वतःचा तंबू आणि शिधाही वाहणार असाल तर त्याहून मोठी. पण हा आकडा असा सामानावरून काढायचा, दुकानातली सगळ्यांत मोठी सॅक बघून नाही.

आता पाठ. मान खाली घातली की मागे एक हाड ठळक उठून लागतं, तिथून टेप सुरू करायची. दोन्ही हात कमरेवर ठेवले की अंगठे मागे ज्या रेषेत येतात, तिथपर्यंत कण्यावरून मोजायचं. ही पाठीची लांबी. माझी आली साडेसोळा इंच. मी पाच फूट सहा इंच उंच, म्हणून मला वाटायचं की सगळं मोठ्या मापाचं लागेल. पण माझी उंची पायांत आहे! पाठ आखूडच. नणंदेच्या यजमानांची सॅक एकवीस इंचांच्या पाठीला लावलेली होती. मागची पट्टी सरकवून लांबी कमी करायची सोय त्या जुन्या सॅकेत नव्हती, आणि असती तरी मला कुठे माहीत होतं?

पुण्याच्या दुकानात विक्रेत्यानं माझी उंची बघून मोठ्या मापाची सॅक काढली. भाचीनं खिशातून टेप काढली. तीन सॅका पाहिल्या, प्रत्येकीत वाळूच्या पिशव्या टाकून दहा किलो वजन केलं. रिकामी सॅक सगळ्यांनाच छान बसते. पट्टे बांधायचा क्रम तिनं मला घोकून घ्यायला लावला. आधी सगळे पट्टे सैल. मग कमरेचा पट्टा, तोही पोटावर नाही, कमरेच्या दोन्ही हाडांवर. मग खांद्याचे पट्टे. मग खांद्याच्या वरून सॅककडे जाणाऱ्या दोन छोट्या दोऱ्या किंचित ओढायच्या, म्हणजे ओझं मागे लोंबत नाही. शेवटी छातीचा पट्टा. एवढं झाल्यावर खांद्याचा पट्टा आणि खांदा यांच्यात बोट घालून बघायचं. सहज सरकलं तर वजन कमरेवर गेलं.

तिसऱ्या सॅकेत ते झालं. बायकांच्या बांध्याची, ६० लिटरची, खांद्याचे पट्टे थोडे अरुंद. वजन तेच दहा किलो, पण मला वाटलं, कुणीतरी मागून हात लावून धरलंय. तरी तिनं अर्धा तास दुकानातले जिने चढायला-उतरायला लावले आणि जाडे हातमोजे घालून सगळी बकलं उघडबंद करायला लावली. "उणे दहात हातमोजा काढावा लागला ना आत्या, तर बोटं जातील." चेनीला दोरीची गाठ मारली की हातमोज्यानं ओढता येते, हेही तेव्हाच कळलं.

इंदूरला परतल्यावर दीड महिना मी रोज सकाळी तांदळाच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या सॅकेत भरून राळामंडळ चढले. वर होळकरांच्या शिकारघरापर्यंत. एकदा एका भियानं विचारलंच, "क्यों दीदी, ट्रेन छूट गई क्या?"

जानेवारी २०२३. तीच सांकरी, तीच वाट. तळाशी स्लीपिंग बॅग, जड वस्तू मधोमध पाठीला चिकटून, हलकं बाहेरच्या बाजूला, हातमोजे आणि खाऊ सगळ्यांत वर. आत एक जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी, कारण वरच्या कव्हरमधून पाठीच्या बाजूनं बर्फाचं पाणी शिरतंच. रात्री पाण्याच्या बाटल्या उलट्या ठेवल्या. बर्फ वरून धरतो, म्हणजे तोंड मोकळं राहतं. ज्या आडव्या वाटेवर मी घसरले होते तिथे भाची थांबली, मागे वळून पाहिलं. मी नुसती मान हलवली. सॅक माझ्याबरोबर वळत होती.

पहाटे मोठ्या सॅका तंबूत ठेवून, छोट्या पाठीवर घेऊन निघालो. उजाडता उजाडता माथा आला. बर्फात रोवलेला त्रिशूळ, समोर स्वर्गारोहिणी, बंदरपूंछ, काळा नाग. डोळ्यांतलं पाणी वाऱ्यामुळे होतं असं मी सांगितलं. भाचीनं खिशातून एक लाडू काढला, अर्धा केला. थंडीनं तो दगड झाला होता. बराच वेळ चघळून ती म्हणाली, "आत्या, मागच्या वेळी तंबूतला चहा मात्र चांगला होता हं."

चार वर्षांत त्या दिवसाबद्दल ती बोललेलं हे पहिलं वाक्य. मला एकदम हलकं वाटलं.

तर मैत्रिणीचा मुलगा परवा आला. टेप लावली, पाठ एकोणीस इंच. माझी सॅक पट्टी पूर्ण ताणूनही त्याला अठराच्या वर जाईना. मी दिली नाही. मैत्रीण थोडी नाराज आहे. पण मुलाला मी दहा किलो तांदूळ आणि एक कागद दिला: आधी सामान तोल, मग पाठ मोज, मग भाड्यानं का होईना, मापाची सॅक आण आणि तांदूळ भरून राळामंडळ चढ.

आपल्या मंडळात साडेसोळा-सतरा इंचांची पाठ कुणाची असेल तर जरूर कळवा. सॅक माळ्यावरच आहे, धुऊन ठेवलेली. येताना पिशवी आणू नका, सामानाची यादी आणा.