अठ्ठाविसावा प्रश्न

शेजारच्या जपानी आजी ९७व्या वर्षी गेल्या. शोकसभेत एक गृहस्थ उठून म्हणाले, "एवढं सोसलं, पण कधी तक्रार केली नाही." लोकांनी माना डोलावल्या. माझा मात्र संताप झाला. स्वयंपाकघरात बसून त्यांनी मला जे सांगितलं होतं, ती तक्रार नव्हती तर काय होतं?

त्यांचा जन्म कॅलिफोर्नियातला. वडील रेडवुड सिटीत शेवंती पिकवायचे. १९१३च्या कायद्यामुळे त्यांना जमीन घेता येत नव्हती, म्हणून ती इथेच जन्मलेल्या थोरल्या मुलाच्या नावावर. जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि १९ फेब्रुवारी १९४२ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी जपानी वंशाच्या लोकांना घरादारातून हलवता येईल असा हुकूम काढला. शेत मातीमोल भावानं विकून, हातात मावेल तेवढं सामान घेऊन निघायचं. आधी टॅनफोरान रेसकोर्सवर घोड्यांचे तबेले, मग युटाच्या वाळवंटात टोपाझ छावणी. असे एक लाख वीस हजार लोक. त्यांतले दोन तृतीयांश जन्मानं अमेरिकन नागरिक.

पण मला सलते ती १९४३ची गोष्ट. छावणीतल्या सतरा वर्षांच्या आणि त्यावरच्या सगळ्यांना एक फॉर्म भरायला दिला. सत्ताविसावा प्रश्न: सैन्यात जाल का? बायकांना विचारलं, परिचारिका म्हणून जाल का? अठ्ठाविसावा: अमेरिकेशी बिनशर्त निष्ठा ठेवून जपानच्या सम्राटावरची निष्ठा सोडता का? जी निष्ठा कधी नव्हतीच, ती सोडायची कशी? 'हो' लिहावं तर आधी होती अशी कबुली. 'नाही' लिहावं तर देशद्रोही. वडिलांची कोंडी त्याहून वाईट. अमेरिका त्यांना नागरिक करून घ्यायला तयार नव्हती; जपानही सोडला तर ते कुठल्याच देशाचे उरले नसते. त्यांच्या पिढीसाठी तो प्रश्न पुढे बदलावा लागला. माणसांना तारेआड डांबून, वर त्यांच्याकडेच निष्ठेचा दाखला मागायचा!

आजींनी दोन्हीकडे 'हो' लिहिलं. थोरल्या भावानं लिहिलं, आधी आईवडिलांना सोडा, मग हो. ते 'नाही' धरलं गेलं आणि त्याची रवानगी 'नाही' म्हणणाऱ्यांसाठीच्या टूली लेक छावणीत झाली. धाकटा जपानी-अमेरिकन सैनिकांच्या ४४२व्या रेजिमेंटमधून इटलीत लढला. परत आल्यावर त्यानं थोरल्याशी बोलणं टाकलं, ते कायमचं. आजी नव्या वर्षाची मोची (तांदळाच्या चिकट वड्या) घेऊन दोघांकडे वेगवेगळ्या दिवशी जायच्या.

मला विचाराल तर थोरल्याचंच बरोबर होतं. तरीही म्हातारी आई शेजारी बसलेली असताना मीसुद्धा 'हो'च लिहिलं असतं. मग धाकट्याला तरी दोष कसा द्यायचा? दोष फॉर्म काढणाऱ्यांचा.

इथली, अमेरिकेतली काही मराठी मंडळी म्हणतात, त्यांचं ते झालं, आपला काय संबंध? पण अमेरिकन सुप्रीम कोर्टाच्या १९२३च्या थिंड निकालानं भारतीयांनाही नागरिकत्व नाकारलं होतं आणि १९४६पर्यंत तो दरवाजा बंदच होता. मुलांना हे जरूर सांगा.

१९८८मध्ये सरकारनं माफी मागितली, प्रत्येकी २०,००० डॉलर देऊ केले. पण कायद्यावर सही झाली त्या दिवशी जे हयात होते त्यांनाच. आजींना चेक मिळाला. वडील १९७१मध्येच वारले होते. शेत त्यांनी उभं केलं होतं, आणि त्यांना ना माफी मिळाली, ना पैसा.