यकृत, जिगर आणि काळीज

हिपॅटायटिस हा शब्द आता धर्माबादच्या औषधाच्या दुकानातही कोणाला अडत नाही. ग्रीक 'हेपार' म्हणजे यकृत. 'आयटिस' म्हणजे दाह. वैद्यकाला एवढी फोड पुरते. मराठीच्या अभ्यासकाने मात्र थोडे मागे जावे.

ग्रीक हेपार, लॅटिन येकुर, संस्कृत यकृत आणि फारसी जिगर हे चारही एकाच प्राचीन इंडो-युरोपीय शब्दाचे वंशज. मूळच्या 'क्व' ध्वनीचा ग्रीकमध्ये 'प' झाला. आरंभीच्या 'य'चा फारसीत 'ज' झाला. यात्रेची जत्रा आणि यवाचा जव करणाऱ्यांना त्याचे नवल वाटू नये.

आमच्याकडे याला निराळे महत्त्व आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि राजभाषा उर्दू होती. जिगरी दोस्त, जिगरबाज हे शब्द इथे रोजच्या बोलण्यातले. तरीही वर्गात व्युत्पत्तीचा विषय निघाला, की यकृत आपला आणि जिगर परका, अशी वाटणी विद्यार्थी क्षणात करून टाकतात. (शिक्षकही करतात.) दोघे सख्खे भाऊ आहेत, हे फळ्यावर मांडून दाखवले तरी काहींच्या चेहऱ्यावरचा अविश्वास जात नाही. माधवराव पटवर्धनांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश दिला आणि १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक'ही लिहिला. एकाच विद्वानाची ही दोन कामे शेजारी ठेवून वाचावीत, असा माझा आग्रह असतो.

खरा पेच आहे तो काळीज या शब्दाचा. संस्कृत कोशांत 'कालेय'चा एक अर्थ यकृत असा आहे. काळीज आणि हिंदी कलेजा त्याच घरातले. खाटकाकडे कलेजी मागितली की आजही यकृतच मिळते. पण मराठी माणसाचे काळीज धडधडते, आणि यकृत काही धडधडत नाही! शब्द पोटातून छातीत सरकला, आणि त्याच्यापासूनच काळजी निघाली.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या भावाला कावीळ झाली. नांदेडच्या डॉक्टरांनी लिव्हरला सूज असल्याचे सांगितले. आईने घाबरून विचारले, "लिव्हर म्हंजे काळीजच ना?"

"नाही आई, काळजाला काही झालं नाही. लिव्हर निराळं," डॉक्टर म्हणाले.

तिला धीर आला. डॉक्टरांचे बरोबरच होते. पण शब्दाच्या इतिहासात आईचेही बरोबर होते. भाऊ पुढे बरा झाला.

हेपारच्या घरातही असेच एक स्थलांतर घडले आहे. १९१६ साली अमेरिकेत जे मॅक्लीन या विद्यार्थ्याच्या प्रयोगांत, कुत्र्याच्या यकृतातून, रक्त गोठू न देणारे द्रव्य हाती लागले. दोन वर्षांनी त्या शोधाच्या ओघात 'हेपारिन' हे नाव रूढ झाले. आज ते मुख्यतः डुकराच्या आतड्यातून काढतात, आणि हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाला देतात.