पदर सावरण्यापुरता वेळ

मैत्रिणींनो, पाहुणे अवचित दारात आले तर आपण आधी काय करतो? हातातली केरसुणी बाजूला ठेवतो, पदर सावरतो आणि मग "या, बसा" म्हणतो. एवढा दोन क्षणांचा वेळ कुणीही आपल्याला देतं. पण बाजारात, यात्रेत, रानात एखाद्या अनोळखी बाईचा फोटो काढणारे तेवढाही वेळ तिला देत नाहीत. त्यांना म्हणे 'नैसर्गिक' फोटो हवा असतो. विचारलं की चेहरा बदलतो, म्हणून विचारायचंच नाही!

मी लग्न होऊन चंद्रपूरला आले ती १९७९ साली. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो पुढे, २६ ऑगस्ट १९८२ला. माहेरून निघताना भावाने मला त्याचा आग्फा क्लिक थ्री कॅमेरा दिला होता. एका रोलमध्ये फोटो निघायचे बारा. त्यामुळे कुणाचा काढायचा, कशाला काढायचा, याचा विचार आपसूकच व्हायचा. आता प्रत्येकीच्या पर्समध्ये मोबाइल आहे. बाराचे बाराशे काढले तरी खर्च काही नाही. विचार मात्र मागे पडला.

आमच्याकडे ताडोबा बघायला दुरून दुरून पाहुणे येतात. जंगलात शिरलं की जिप्सीतून खाली उतरायचं नाही, आरडाओरडा करायचा नाही, वाघाची वाट अडवायची नाही. सोबत गाइड असतो आणि मंडळी निमूटपणे ऐकतात. परतताना मात्र रस्त्याकडेला मोहफुलं वेचणाऱ्या बायका दिसल्या, की गाडी थांबते, काच खाली होते आणि टिपटिप फोटो निघतात. वाघाला जी अदब मिळते, ती या बाईला का मिळू नये, सांगा पाहू?

आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंच्या भावजयीचं असंच झालं. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो. पहाटे अंधारात टोपली घेऊन निघायचं आणि ऊन चढायच्या आत कमरेत वाकून फुलं वेचायची. असा वाकलेला तिचा फोटो कुणीतरी काढला आणि तो एका पर्यटनाच्या पुस्तिकेत छापून आला. खाली लिहिलं होतं, 'निसर्गाच्या कुशीतलं निश्चिंत जीवन'. ज्या दिवसांतला तो फोटो, त्या दिवसांत त्या रानात वाघाचा वावर होता. बायका एकट्या जात नव्हत्या. चौघी वेचायच्या, एक काठी घेऊन उभी राहायची. शेजारच्या पोराने मोबाइलवर दाखवला तेव्हा कुठे तिला फोटोचा पत्ता लागला. ओळी वाचून घेतल्यावर ती हसली आणि म्हणाली, "निश्चिंत कायची वो बाई, जीव मुठीत धरून वेचतो आमी."

न विचारता काढलेल्या फोटोतली खरी खोट ही आहे. चेहरा खरा असतो, पण त्याखालची गोष्ट काढणाऱ्याच्या मनातली असते. भामरागडकडे माडिया बायकांचं गोंदण आणि गळ्यातल्या माळा दिसल्या की असंच होतं. फोटो जगभर फिरतो. त्या बाईचं नाव काय, तिला ताप होता की ती लेकीच्या सासरी निघाली होती, हे कुणालाच ठाऊक नसतं.

चैत्रात आमच्या महाकालीची मोठी यात्रा भरते. मराठवाड्यातून, नांदेड-परभणीकडून बायाबापड्या येतात, झरपट नदीवर आंघोळी करतात. तिथे तर कॅमेरा बाहेर काढूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. उघड्यावर न्हावं लागतं हा काही तिचा शौक नाही. कायद्याचंही थोडं माहीत असू द्या. बाई आंघोळीसारख्या खाजगी स्थितीत असताना, आपल्याला कुणी पाहत नाही असं तिला वाटावं अशा जागी तिचा फोटो काढणं २०१३ सालापासून स्वतंत्र गुन्हा आहे. १ जुलै २०२४पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७मध्ये आला. पहिल्या गुन्ह्याला एक ते तीन वर्षं कैद आणि दंड. अशा वेळी फोटो काढू दिला, पण इतरांना दाखवायला संमती दिली नव्हती, तर तो पसरवणं हाही गुन्हाच. भर बाजारातल्या साध्या फोटोला हे कलम लागत नाही. तिथे आपली रीतभातच कामाला येते.

"पण मग दुष्काळाचे, पुराचे, हालअपेष्टांचे फोटो कुणी काढायचेच नाहीत का?" असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. १९३६ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या छावणीत डोरोथिया लँग या छायाचित्रकार बाईंनी एका मजूर आईचा फोटो काढला. 'मायग्रंट मदर' म्हणून तो जगप्रसिद्ध झाला. तो वर्तमानपत्रात आला आणि सरकारने छावणीत अन्न धाडलं. म्हणजे फोटोचा उपयोग झालाच. पण तोवर ती आई मुलांना घेऊन पुढच्या गावी गेली होती. लँगबाईंनी तिचं नावही विचारलं नव्हतं. ती होती चेरोकी वंशाची फ्लॉरेन्स थॉम्पसन. तब्बल ४२ वर्षांनी, १९७८ साली, तिची ओळख जगाला कळली. त्या फोटोतून आपल्याला काहीच मिळालं नाही, याची खंत तिला होती. तेव्हा फोटो काढू नका, असं मी म्हणत नाही. नाव तरी विचारा, एवढंच म्हणते.

आणि विचारल्यावर फोटो बिघडतो, हेही खरं नाही हं! माझा अनुभव सांगते. पहिला फोटो ताठ येतो, कबूल. पण तिथेच पाच मिनिटं बसा, वास्ते कसे दिले विचारा, पावशेर घ्या. ती पुन्हा आपल्या कामाला लागते, गिऱ्हाइकाशी घासाघीस करते, शेजारणीशी हसते. मग जो फोटो निघतो तो चोरून काढलेल्यापेक्षा कितीतरी जिवंत असतो. मुलांचा काढायचा तर आईला विचारा. चॉकलेट दाखवून त्यांना उभं करू नका. कुणी मानेनेच 'नको' म्हटलं, तर हुज्जत न घालता मोबाइल आत ठेवा. आधीच काढला असेल, तर तिच्यासमोर पुसून टाका.

शेवटची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. गडचिरोलीकडच्या एका आठवडी बाजारात सात्या विकणाऱ्या म्हातारीला मी विचारलं, "आजी, फोटो काढू का?" ती म्हणाली, "फोटो तं सारेच नेतेत बाई, आमाले कोनी दावत नाई." पुढच्या बाजाराला मी तिचा फोटो कागदावर काढून नेला. वीस-पंचवीस रुपयांचं काम ते. तिने तो शेजारणींना दाखवला, पदराने पुसला आणि बटव्यात ठेवला. पैसे द्यायला लागली, मी घेतले नाहीत, तर ओंजळभर सात्या माझ्या पिशवीत टाकल्या.

तुम्हीही या सुट्टीत कुठे गेलात, तर एक तरी फोटो असा ज्याचा त्याला पोचवा.