रोजकीर्द शी-शूची



आजचा विषय मंदिरात किंवा भिशीत आपण काढत नाही. माझा नातू साडेपाच वर्षांचा होईपर्यंत डायपरमध्ये होता. त्याला स्वमग्नता आहे, म्हणजे ऑटिझम. बोलतो अगदी थोडे. आता आठ वर्षांचा आहे आणि इथे हिंगोलीतच शाळेत जातो. ज्यांच्या घरी असे लेकरू आहे त्यांच्यासाठी हे लिहिते.

घराजवळच्या एका शाळेने सांगितले, "डायपर सुटला की घेऊन या." सून काही बोलली नाही, घरी येऊन नुसती बसून राहिली. मी बी.कॉम. झालेली. नोकरी केली नाही, पण दुकानाची रोजकीर्द वर्षानुवर्षे लिहिली. म्हणून एक दोनशेपानी वही काढली. पहिले आठ दिवस शिकवणे नाही, रागावणे नाही, फक्त नोंद. काय खाल्ले, पाणी किती प्यायला, शू किती वाजता, शी किती वाजता.

वहीत दोन गोष्टी दिसल्या. शू साधारण दीड तासाने होत होती. शी मात्र तीन-चार दिवसांनी, आणि मधल्या दिवसांत चड्डीला पातळ डाग. आम्ही समजत होतो पोट बिघडले. बालरोगतज्ज्ञांनी पोट तपासून सांगितले की उलट आहे, आत खडा अडकलाय आणि त्याच्या बाजूने पातळ झिरपते. दुखते म्हणून पोर धरून ठेवते, धरले की आणखी कडक होते. अशा मुलाला कितीही बसवा, उपयोग नाही. आधी पोट साफ व्हावे लागते. औषध बरेच महिने चालले, तेही डॉक्टरांना विचारूनच कमी केले.

खाण्याचे आपल्या घरांत थोडे वेगळे असते. चातुर्मासात पालेभाजी बंद, कंदमूळ तर नाहीच. मग मूग, दोडका, भेंडी, पपई, भिजवलेल्या मनुका यांवर भर दिला. आणि पाणी. माझा चौविहार आहे, त्याचा नाही. चड्डी कोरडी राहावी म्हणून मुलाचे पाणी तोडू नका, त्याने शी आणखी कडक होते.

मग बसवणे. नाश्त्यानंतर वीस मिनिटांनी, कारण पोटात अन्न गेले की आतडे हलते. कमोडवर पाय लोंबकळले तर जोर लागत नाही, म्हणून पायाखाली देवघरातला जुना पाट दिला. फ्लशच्या आवाजाला तो घाबरायचा, म्हणून तो बाहेर आल्यावरच फ्लश. भिंतीवर चार चित्रे: चड्डी खाली, बसणे, धुणे, हात धुणे. शब्द एकच, "शू". घरात कोणी सू, कोणी बाथरूम म्हणायचे, ते बंद केले. जमले की लगेच त्याचा लाडका चाव्यांचा जुडगा हातात. दिवसाचे जमायला सात महिने लागले, रात्रीचे त्याहून जास्त.

दशलक्षणात मंदिराच्या पायऱ्यांवर त्याची चड्डी ओली झाली. एक मावशी म्हणाल्या, "पूर्वकर्म गं, दुसरे काय." मी म्हटले, "असेल मावशी, पण आत्ता कपडे बदलायचे आहेत, जरा वाट द्या."

शाळेचे म्हणाल तर 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे. शासकीय आणि मान्यताप्राप्त शाळेने अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि लागेल ती सोय करायची. डायपरचे कारण सांगून पोर परत पाठवणे यात बसत नाही, असे माझे मत. आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो. तिथल्या बाईंनी वही मागून घेतली, वाचली, आणि दर दीड तासाने त्याला पाठवायचे ठरवले. त्याच्या खिशात शूचे चित्र असते, तो ते काढून दाखवतो. शब्द शाळेतही "शू"च. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समग्र शिक्षाचे विशेष शिक्षक असतात, त्यांची चौकशी जरूर करा.

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड लवकर काढा. प्रमाण 40 टक्के किंवा अधिक असेल तर 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा तुम्ही निवडाल त्या विशेष शाळेत. तपासणीला जाताना दोन जोड कपडे, पाणी आणि त्याचे आवडते खेळणे बरोबर ठेवा. रांग लांब असते.