वजाबाकीवाला

युरॉलॉजीच्या वॉर्डात शिरलात की याच्याशी ओळख करून घ्यावीच लागते. कॉटच्या पायथ्याशी क्लिपबोर्डला अडकलेला, कडा मुडपलेला, कोपऱ्यात बीटाडीनचा पिवळट डाग मिरवणारा हा इनटेक-आउटपुट चार्ट. पूर्ण नावाने त्याला कोणी हाक मारत नाही, सगळे ‘आय-ओ’च म्हणतात. सिस्टर ड्यूटीवर आल्या की ‘काका, कसं वाटतंय?’ हे नंतर. आधी याची विचारपूस.

एरवी स्वारी साधी असते. तापाच्या पेशंटकडे दिवसाकाठी दोन-अडीच हजार मिलीची उलाढाल, त्यात काय मिजास करणार? पण प्रोस्टेटचं ऑपरेशन होऊन एखादे आजोबा आले आणि मूत्राशय धुण्याचं इरिगेशन सुरू झालं, की याच्या अंगात येतं. स्टँडवर तीन-तीन लिटर सलाईनच्या पिशव्या चढतात. थ्री-वे फोलीच्या एका वाटेने पाणी आत, दुसऱ्या वाटेने बाहेर, आणि तिसरी वाट नळी जागेवर धरून ठेवणाऱ्या फुग्याची. ही फुग्याची नळी १९३० च्या दशकात पुढे आणणारे फ्रेडरिक फोली अमेरिकी युरॉलॉजिस्ट होते. वॉर्डातल्या मावशी दिवसभर त्यांचं नाव घेतात. ते माणसाचं नाव आहे, एवढंच त्यांना माहीत नसतं.

मोठे आकडे अंगावर बाळगायची याला भारी हौस. आजोबांचे जावई भेटीच्या वेळेत येतात, चष्मा वर करून वाचतात, ‘आउटपुट १९,४००’, आणि हबकतात. एका दिवसात एकोणीस लिटर? लगेच फोटो निघतो, कुठल्याशा डॉक्टर मावसभावाला व्हॉट्सअॅपवर जातो. हा मात्र मनातून खूश. कारण खरी गोष्ट त्याला ठाऊक असते: सहा पिशव्या, म्हणजे १८,००० मिली त्यानेच आत गेल्याचे लिहिलेत. ते वजा केले की उरतात १,४००. आजोबांची स्वतःची कमाई तेवढीच. साठ किलोच्या माणसाने तासाला निदान तीसेक मिली लघवी करावी अशी याची अपेक्षा असते, त्या मानाने आजोबा उत्तम चाललेत. सर्जनसाहेब राउंडला येतात तेव्हा एकोणीस हजारांकडे बघतही नाहीत. ‘नेट किती?’ एवढंच विचारतात. तेवढ्यापुरता याचा चेहरा पडतो.

सोवळंही कडक. तोंडाने घेतलेलं, शिरेतून दिलेलं आणि नळीने मूत्राशयात सोडलेलं यांची पंगत वेगळी. छापील कागदावर इरिगेशनचा रकाना बहुधा नसतोच, म्हणून सिस्टर पट्टी नसली तर औषधाच्या खोक्याची कड धरून उभी रेघ मारतात. ती रेघ विसरून एखाद्या नवख्या हाताने इरिगेशनचं पाणी चहाच्या रकान्यात टाकलं, तर सकाळची बेरीज अशी काही येते की आजोबांनी रात्रीतून विहीर प्यायली असावी.

घरगुती मापांशी याचं हाडवैर.

‘आजोबांनी चहा किती घेतला?’

‘अर्धा कप.’

‘केवढा कप?’

‘आपला नेहमीचा.’

सिस्टर तो नेहमीचा कप मागून घेतात, अर्धा पाण्याने भरतात, मापाच्या जगमध्ये ओततात. ९० मिली. सूनबाई अवाक, चार्ट शांत. शहाळ्याचा तर त्याला मनस्वी राग आहे. ‘एक शहाळं’ असं लिहिलेलं त्याला अजिबात खपत नाही, आणि शहाळं विकणाऱ्याला मिली विचारायची सोय नाही.

गोल आकड्यांचाही याला संशय. रात्रीच्या पाळीत १०००, १०००, १००० अशी ओळ दिसली की ओळखावं, युरोबॅग जगमध्ये न ओतता नुसत्या पिशवीवरच्या रेघा बघून लिहिलंय. लोंबती, फुगलेली पिशवी रेघांशी प्रामाणिक राहत नाही. आणि पाळी बदलताना स्टँडवर अर्धी पिशवी लटकत असेल, तर तिचं पाणी कोणाच्या खात्यात, यावर दोन सिस्टरांची गोड आवाजात होणारी बाचाबाची ऐकण्यासारखी असते. शहाण्या सिस्टर लटकत्या पिशवीवरच पेनाने रेघ मारून वेळ लिहितात. मग भांडणच मिटतं.

याचा खरा राग बघायचा तर वजाबाकी उलटी यायला हवी. तासाभरात आत १,२००, बाहेर ७००. पाचशे मिली गेलं कुठे? पहिला संशय चादरीवर. नळीच्या कडेने गळलं असेल तर सिस्टर ‘चादर ओली ++’ लिहितात. ++ म्हणजे किती मिली, हा अपमान तो मुकाट्याने गिळतो. चादर कोरडी निघाली की संशय पिळवटलेल्या नळीवर, आणि मग रक्ताच्या गुठळीवर. गुठळीने बाहेरची वाट अडवलेली, आत पाणी चालूच. आजोबा कळवळतात, ‘लघवीला लागलीय, जाऊ द्या मला.’ नळी आत असताना असं कसं होईल, म्हणून नातेवाईक समजूत घालतात. आजोबांचं ऐकतो तो हा कागद. आधी इरिगेशन बंद, मग डॉक्टर मोठी सिरिंज लावून धुतात, काळपट गुठळ्या सुटतात, अडलेलं पाणी भसाभसा येतं आणि याचा पारा उतरतो.

रंगाच्या बाबतीत मात्र हा ठार आंधळा. आकडे चोख जुळलेले आणि नळीत लालभडक, असंही होतं. सलाईन जोरात सोडायचं की हळू, हे ठरतं नळीतल्या रंगावरून. त्यात याचं मत कोणी विचारत नाही. म्हणून शेऱ्याच्या रकान्यात ‘गडद लाल’, ‘गुलाबी’, ‘फिकट’ असं लिहून घ्यावं लागतं, आणि ते तो नाइलाजाने सोसतो.

पाणी फिकट झालं की इरिगेशन थांबतं आणि स्वारी पुन्हा हजार-दीड हजारांवर येते. पुढे नळी निघते. आजोबा स्वतःच्या हिमतीवर पहिल्यांदा करतात तेही मोजून याला कळवावं लागतं. मग फाइलबरोबर रेकॉर्ड रूममध्ये रवानगी. आजोबा मात्र घरी गेल्यावरही बाथरूममधून हाक मारून सुनेला आकडा सांगतात, आणि ती कालनिर्णयच्या मागच्या पानावर तो लिहून ठेवते.